खालांच्या भिंतीवरच्या दोऱ्या

माझ्या हातांना जे काही येतं ते मलकापूरच्या खालांचं आहे. जन्म आईवडिलांनी दिला, अक्षर शाळेनं दिलं, आणि त्या दोन्हींबद्दल मी कृतज्ञ आहे. पण सर्वांत जास्त ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. खालांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. स्टेशनामागच्या त्या गल्लीत शेजारचा घड्याळवाला, पोस्टमन, कापसाचे दलाल, सगळे त्यांना खालाच, म्हणजे मावशीच, म्हणत.

आपल्या रविवारच्या वर्गाच्या वार्षिक अंकासाठी मला सांगितलं गेलं की, छंद म्हणून चामड्याचं काम करणाऱ्यांना चार व्यवहारी सूचना द्या आणि थोडं प्रोत्साहन द्या. सूचना देतो. त्या सगळ्या खालांच्याच आहेत, म्हणून आधी खाला सांगाव्या लागतील. प्रोत्साहन मात्र खालांकडे नव्हतं. आणि खाला सांगायच्या म्हणजे जे मी वर्गात आजवर कोणाला सांगितलं नाही तेही सांगावं लागेल. "सर, तुम्ही कुठे शिकलात?" असं तुम्ही विचारता तेव्हा मी "गावाकडे" म्हणून विषय बदलतो, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

मी तेव्हा बाजार समितीत कनिष्ठ लिपिक होतो. मूळचा उंद्रीकडचा, आमच्या घरात पदवी घेतलेला पहिलाच. पहिल्या पगारात घेतलेल्या बॅगेचा पट्टा तुटला म्हणून मी खालांच्या दुकानाची पायरी चढलो. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खाला जमिनीवर बसून गुडघ्यांत एक जाड पट्टा धरून शिवत होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी त्याची बैठक घेतली होती, आणि पंधरा-वीस वर्षं बैलांचे गळपट्टे करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बैल कुठं हाय?"

"बैल नाही, खाला. बॅग आहे."

"मंग इथं काऊन आला? मी बैलाचं काम करतो." आमच्याकडे बायकाही 'करतो, जातो'च म्हणतात.

"माणसांचं करत नाही का? कमरेचे पट्टे वगैरे?"

"माणसाचं माप मी घेत नाई. माणूस माप देतेवेळी पोट आत घेते. बैल बिचारा जसा हाय तसा उभा राह्यते." मग त्यांनी माझ्या पॅंटच्या इस्त्रीकडे पाहिलं. "शिकेल दिसते. बाबू हाय काय कुठं?"

"बाजार समितीत आहे."

"हात हायेत ना बाबूले? घे, शिव." आणि आरी माझ्याकडे सरकवली. आरी म्हणजे चामड्याला भोकं पाडायची टोकदार सळई, लाकडी मुठीची.

दीड तास मी शिवत होतो. झालं तेव्हा मला अभिमान वाटला. खालांनी पट्टा हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि रापीनं, म्हणजे त्यांच्या रुंद पात्याच्या सुरीनं, सगळी शिवण एका झटक्यात कापून टाकली.

"काऊन तोडली?" मीही घाबरून वऱ्हाडीत आलो.

"पह्यली शिवण तोडाचीच असते. आता दुसरी घाल."

ही पहिली सूचना. तुमच्यापैकी जे पहिल्या दिवशी केलेलं पाकीट फोटो काढून सगळ्यांना पाठवतात त्यांनी ती लक्षात घ्यावी.

दुसरी शिवण त्यांनी शिकवली. एक लांब दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जायच्या. एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की ओळ उसवते. दोऱ्याला मेण आधी लावायचं, शिवताना नाही. भोक सरळ पाडायचं नाही, तिरकं पाडायचं, आणि सगळी भोकं एकाच अंगाला तिरकी. ओढताना दोन्ही हातांत सारखा जोर. "एका हातानं ओढशीन तं शिवण पाठ फिरवते," असं त्या म्हणत.

खालांच्या सवयी विचित्र होत्या. चामडं विकत घेताना त्या ते आधी हुंगत, मग कोपऱ्याला दातानं चावत. बाभळीच्या सालीत नीट कमावलेलं असलं तर तुरट लागतं, घाईनं केलेलं असलं तर जिभेवर जळजळ होते. तुम्हाला चावायची गरज नाही. पण चामडं घेताना ते दुमडून पाहा. सुरकुती सोडल्यावर गेली तर पाठीचं आहे, राहिली तर पोटाचं. पोटाचं चामडं ताणतं, त्याचा पट्टा करू नका. खालांनी एकदा पोटाचं चामडं पाठीचं म्हणून विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्याच्याच मालाच्या पट्टीनं दोन माणसांदेखत मोजलं होतं. "तुही पाठ कोणती अन् पोट कोणतं, दाखव बे," असं म्हणत.

त्या माणसांना चेहऱ्यानं ओळखत नसत. रस्त्यात कोणी सलाम केला तर त्या गोंधळत, आणि मग विचारत, "बैल कोणते तुहे?" बैलांची नावं सांगितली की चेहरा फुले. "अरे हाव, डाव्या शिंगाचा मोडका! पाय कसा हाय त्याचा?" माणसाच्या बायकोपोरांची चौकशी नंतर, आठवलीच तर. बैलाच्या मानेला जखम असली तर त्या पट्टा विकत नसत. आधी जखम भरून आण, मग ये. कापसाच्या दिवसांत बाजार समितीच्या आवारात गाड्यांची रांग लागे. खाला भल्या सकाळी येऊन त्या रांगेतून एकेका बैलाच्या मानेवरून हात फिरवत जात. गाडीवान झोपेत असला तर त्याच्या पायावर थाप.

"उठ बे! हा पट्टा कोणाचा हाय? माहा नाई. तुह्या पोराच्या गळ्यात घालशीन काय असा?"

"खाला, बाजारातून घेतला. सस्ता भेटला."

"तूच घाल मंग."

माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून मी हे पाहत असे. तेव्हा बीटीचं बियाणं नवीन होतं. पहिली दोन-तीन वर्षं बोंडं लागली, लोक खुश होते, आणि रांगेत बैलगाड्यांमध्ये छोटे टेम्पो दिसू लागले. मग बियाणं महाग आणि पाऊस बेभरवशाचा अशी वर्षं आली. तेव्हा रांगेतून बैल आणखी भराभर कमी झाले. चांगल्या वर्षी बैलांच्या जागी चाकं आली आणि वाईट वर्षी बैल विकून बी आलं. दोन्हीकडून बैलच गेला. मी नोंदवहीत वाहनाचा प्रकार लिहीत असे, त्यामुळे ही गोष्ट मला खालांच्या आधी कळली होती. त्यांना सांगण्याचा धीर मात्र झाला नाही.

रोज संध्याकाळी कचेरी सुटली की मी खालांकडे जाऊ लागलो. आज पुण्यात तुम्ही एप्रन बांधून, कॉफीचा मग शेजारी ठेवून चामडं कापता. तुमच्या घरचे त्याला छंद म्हणतात, कौतुक करतात. चांगली गोष्ट आहे. माझ्या घरमालकिणीनं मला हात बाहेरच्या नळावर धुऊन मग जिना चढायला सांगितलं होतं. वडील भेटायला आले तेव्हा त्यांनी माझ्या बोटांवरचे आरीचे घट्टे अंगठ्यानं चाचपले. मग म्हणाले, "हेच कराचं होतं तं शाळेत काऊन टाकला तुले?" मी खालांना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुह्या बापानं बैल हाकलले असतीन ना? त्याईले म्हना, ते कोणाच्या पट्ट्यावर हाकलले." माझे वडील दुसऱ्यांच्या शेतावर सालदार होते. खालांचं हे उत्तर मी वडिलांना सांगितलं नाही.

आता भाभी. खालांचा मुलगा सुरतेकडे ट्रक चालवायचा, महिन्यातून दोन दिवस घरी. त्याची बायको खालांजवळ असे. खाला तिला 'दुल्हन' म्हणत, मी भाभी म्हणे. संग्रामपूरच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, डावखुरी, कमी बोलणारी. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता. गिऱ्हाईक असलं की भाभी पडद्याआड बसून दोऱ्याला मेण लावायच्या, नसलं की बाहेर येऊन शिवायच्या. त्यांची शिवण खालांच्या शिवणीपेक्षा सरळ होती, हे खालांनाही माहीत होतं, म्हणून त्या तिला जास्त बोलत. सहा वर्षं भाभींनी फक्त शिवलं. चामडं कापायचं काम बैठकीवरच्या माणसाचं. चुकीचं शिवलेलं उसवता येतं, चुकीचं कापलेलं गेलं. रापी खाला कोणाला देत नसत.

खालांच्या मागची भिंत दोऱ्यांची होती. खिळ्यांच्या रांगा, एकेका गावाचा एकेक खिळा, आणि त्यावर सुतळीचे तुकडे लटकलेले. एकेक तुकडा म्हणजे एकेका बैलाच्या मानेचं माप. जोडीचे दोन तुकडे वरून एकत्र बांधलेले. खालांना लिहिता येई ते उर्दू, तेही जेमतेम, आणि मापं त्यांनी कधी लिहिली नाहीत. तुकड्यावर मानेच्या घेराची एक मोठी गाठ, आणि तिच्या पुढे-मागे बारीक गाठी. मी एकदा विचारलं, या कशाच्या? "ते त्याचं हाय," एवढंच म्हणाल्या. पडद्यामागून भाभींचा दबलेला हसण्याचा आवाज आला. त्या सहा वर्षांत सगळ्या गाठी वाचायला शिकल्या होत्या. मी पदवीधर असून मला ते नुसते सुतळीचे तुकडे वाटले.

पोळ्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. पोळ्याला बैलांना नवे पट्टे लागतात, खालांचं वर्षाचं काम त्या महिन्यात असे. नेमकं तेव्हाच बऱ्हाणपूरला त्यांची बहीण आजारी पडली आणि आठ दिवस जाणं भाग होतं. निघताना त्यांनी माझ्यासमोर भाभींना सांगितलं, "दुल्हन, मी आली की चामडं भिजवू. या पोळ्याचे पट्टे तू काप." भाभींनी खालांची पिशवी उचलली आणि ती दोनदा चुकीच्या हातात दिली. सहा वर्षांनी त्यांना रापी मिळणार होती.

त्या आठ दिवसांत मला उपकार करायची बुद्धी झाली. मला वाटलं, खालांनी मला एवढं दिलं, मी त्यांना काय द्यावं? माझ्याकडे एकच गोष्ट होती, अक्षर. भिंतीवरच्या दोऱ्यांना उंदीर लागले होते. सगळी मापं एका वहीत नीट उतरवून द्यावीत असं मी ठरवलं. खाला नसल्यानं दुकान दिवसभर बंद असे; भाभी संध्याकाळी अंधारातच आतून शटर उघडून देत आणि पडद्याआड जात. त्यांना वाटलं मी नेहमीसारखा सरावाला आलो आहे. तीन संध्याकाळी मी टेपनं मोजत गेलो. गाव, मालक, घेर सेंटीमीटरमध्ये. कचेरीतल्या नोंदवहीलाही मी इतकं सुंदर अक्षर काढलं नव्हतं. आणि मोजून झालेल्या प्रत्येक तुकड्याच्या, सुतळी चांगली आहे, वाया कशाला जाऊ द्यायची म्हणून, मी आरीच्या टोकानं गाठी सोडवल्या, तुकडे एकमेकांना बांधले आणि एक मोठा गोळा केला. काटकसरीच्या घरात वाढलेला माणूस जशी करेल तशी मी ती चूक फार मन लावून केली.

तिसऱ्या संध्याकाळी भाभींनी पडद्यातून चहाचा कप पुढे केला आणि भिंत पाहिली.

"बाबू, हे काय केलं तुम्ही?"

मी वही दाखवली. "सगळं यात आहे, भाभी. आता उंदीर काही करू शकत नाहीत."

त्यांनी वही उघडली, एक पान वाचलं. "डावा कोणता अन् उजवा कोणता?"

"म्हणजे?"

"जोडीत डाव्या अंगाले कोणता चालते? बक्कल बाहेरच्या अंगाले लागते ना. आत लागलं तं जोडीदारावर घासते. अन् हा कोणता, ज्याच्या मानेले गाठ हाय? अन् मारका कोणता?" त्यांनी वही मिटली. "गाठीत होतं ते सारं."

मी म्हणालो, खालांना आठवेल. भाभी म्हणाल्या, "शंभरावर जोड्या हायेत, बाबू." त्यांनी सुतळीचा गोळा उचलला आणि आत नेला.

वहीला खाकी कव्हर घालायचं म्हणून मी ती घरी आणली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. दुसऱ्या दिवशी भाभींनी दिवसभर बसून आठवतील तेवढ्या दोऱ्या पुन्हा बांधल्या. चाळीसेक झाल्या असतील. तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं खाला आल्या.

मी संध्याकाळी गेलो तेव्हा घड्याळवाला त्याच्या दारात येऊन उभा होता. खालांच्या हातात एक दोरी होती. भाभी भिंतीला लागून उभ्या.

"ही गाठ माही नाई," खाला म्हणत होत्या. "माही गाठ उजव्या अंगानं येते. ही उलटी हाय. या घरात डावखुरं कोण हाय? साफसफाई कराले सांगतली होती काय मी तुले? सारे माप सोडले, अन् वरून नकली गाठी मारून मले येडी समजते!"

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

त्या का बोलल्या नाहीत हे मला तेव्हाही कळत होतं. सासू आणि नवरा घरी नसताना तीन संध्याकाळी परका माणूस दुकानात बसला होता, त्याला शटर त्यांनीच उघडून दिलं होतं, हे त्यांना म्हणावं लागलं असतं. त्यांच्या तोंडून ते निघालं असतं तर दोऱ्यांचा विषय मागे पडून दुसराच सुरू झाला असता. बोलू शकत होतो तो मी. माझ्या बॅगेत ती वही होती, खाकी कव्हर घातलेली.

मी म्हणालो, "जाऊ द्या, खाला. होते चूक माणसाकडून."

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. गप्प राहिलो असतो तर परवडलं असतं.

"पाह्य!" खाला भाभींना म्हणाल्या. "परका माणूस तुह्यासाठी बोलून राह्यला, अन् तू घरची असून..."

दोन दिवसांनी मी वही नेऊन दिली. म्हणालो, मागेच सहज उतरवून ठेवली होती. खालांनी माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून बोटं मोडली. "बाबूनं वाचवलं," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. मी वहीतली मापं वाचून दाखवली आणि पट्टे खालांनीच कापले. भाभींना रापी मिळाली नाही. शिवायलाही बसवलं नाही.

पोळा झाला आणि पंधरा दिवसांनी संग्रामपूरकडचा एक म्हातारा शेतकरी आला. त्यानं पायरीवर पट्टा ठेवला. बक्कल आतल्या अंगाला होतं, आणि चामड्याला रक्त सुकलेलं होतं.

"खाला, पैसे नाई मागत मी. इचाराले आलो फक्त. इतके साल तुह्या हातचे पट्टे घातले पवळ्याले. तुले माहा बैल याद नाई काय?"

खाला त्या पट्ट्याकडे पाहत राहिल्या. रविवार होता, दुपारचे चार वाजले होते. त्यांनी शटर ओढलं. खाला घरी असताना दिवसाउजेडी ते शटर बंद झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. असे आणखी सात-आठ पट्टे परत आले.

पुढच्या वर्षी निम्म्या जोड्यांची मागणीच आली नाही. बैल विकले गेले होते. त्याचं कारण मी खिडकीतून रोज पाहत होतो. बी, फवारणी, पाऊस, भाव. पण खालांच्या मनानं एकच कारण धरलं. "दुल्हननं दोऱ्या सोडल्या, तशे बैल सुटले," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, भाभी पडद्याआड ऐकत असताना. कोणी हसलं तर त्यांना राग येई. मी हसत नसे. मी मान डोलावत असे.

आणि मला त्यांनी सगळं शिकवलं. पुढची दोन वर्षं, रोज. चामडं कापण्याआधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं. रापी आपल्याकडे न ओढता अंगापासून दूर नेणं. कापण्याआधी तीनदा पट्टी फिरवणं आणि मग न थांबणं, कारण मध्येच थांबलेल्या हाताची खूण कडेवर राहते. कडेला पाणी लावून गुळगुळीत लाकडानं ती काचेसारखी होईपर्यंत घासणं. तिळाचं तेल एक थेंब, दुसऱ्या दिवशी वाटलं तर आणखी एक. जास्त तेल पाजलेलं चामडं आळशी होतं. पहिली पूर्ण झालेली वस्तू कोणाला भेट न देता स्वतः वर्षभर वापरणं, म्हणजे आपण कुठे चुकलो ते आपल्यालाच टोचत राहतं. रापी माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या होत्या, "ही दुल्हनले देनार होतो. तिच्या नशिबात नव्हती." मी ती घेतली.

तुमच्यापैकी अनेकजण म्हणतात की माझ्या शिकवण्यात एक शिस्त आहे, परंपरा आहे. ती मी दुसऱ्याच्या जागेवर बसून शिकलो आहे. भाभी त्या काळात आत शिवणयंत्रावर ब्लाउज शिवत. यंत्राचा आवाज पडद्यातून येई आणि मी शिकत असताना तो कधी थांबत नसे.

मग मी स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालो आणि पुण्यात नोकरी लागली. निघताना पाया पडलो. भाभी पडद्याबाहेर आल्या नाहीत. पुण्यात वर्ग सुरू केला, तो वाढला. दर ईदला मी खालांना फोन करत असे, आणि दर वेळी आज सांगू असं ठरवून खुशाली विचारून ठेवून देत असे.

गेल्या आठवड्यात घड्याळवाल्याचा फोन आला. खालांची नजर गेली आहे, ऐकूही कमी येतं. मुलगा दुकानाची खोली मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायला निघाला आहे, महिनाअखेर करार होईल. भाभींनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तोंड उघडून म्हटलं की खोली देऊ नका, मी बसते. गळपट्ट्यांचं गिऱ्हाईक आता थोडं आहे, पण पिशव्या, चपला, पट्टे यांवर चालेल. मुलाची हरकत नव्हती. खाला म्हणाल्या, "मोबाइलवाल्याले द्या. तिच्या हाती रापी नाई."

घड्याळवाल्यानं हे मला गंमत म्हणून सांगितलं. "म्हातारीचा गुस्सा पाहा, बाबू, अजून गेला नाई."

मला जायला हवं होतं. रात्रभराचा प्रवास आहे. मी गेलो नाही, आणि त्याला रजेचं कारण देऊन मी तुम्हाला फसवणार नाही. मी पत्र लिहिलं. आधी दोन लिहून फाडली. तिसरं, पोस्टात टाकलेलं, हे.

"खाला, सलाम.

मी तुमचा बाबू. पुण्याहून लिहितो आहे. तब्येतीची चौकशी पुढच्या पत्रात करीन. आधी कामाचं.

तुमच्या भिंतीवरच्या दोऱ्या भाभींनी सोडल्या नाहीत. मी सोडल्या. तुम्ही बऱ्हाणपूरला गेला होतात तेव्हा तीन संध्याकाळी मी दुकानात बसून एकेक गाठ आरीनं उकलली. शटर रस्त्यावर पूर्ण उघडं होतं, घड्याळवाल्याचं दुकान चालू होतं, भाभी पडद्याआड होत्या. त्यांना मी काय करतो आहे ते माहीत नव्हतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. ज्या उलट्या गाठी पाहून तुम्ही त्यांना खोटं ठरवलं, त्या त्यांनी माझी चूक सावरायला बांधल्या होत्या. त्या चाळीस दोऱ्या बरोबर होत्या. तुम्ही त्या पाहिल्या नाहीत, गाठ कोणत्या हाताची आहे एवढंच पाहिलंत. त्या दोऱ्यांवर पट्टे कापले असते तर बरेच बैल वाचले असते. माझ्या वहीवर कापले म्हणून मानांना जखमा झाल्या. वही मी आधी केलेली नव्हती. ते मी खोटं बोललो.

बैल दोऱ्यांमुळे गेले नाहीत, खाला. ते माझ्यामुळेही गेले नाहीत. मी समितीत रोज लिहीत होतो, मला माहीत आहे ते कसे गेले. पण भाभींची रापी माझ्यामुळे गेली. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांचं होतं.

खोली मोबाइलवाल्याला देऊ नका. भाभींना बसवा. माझ्यावर राग धरायचा तर धरा. माझं नाव घेऊन गल्लीत सांगा. जितक्या लोकांना तुम्ही दुल्हननं दोऱ्या सोडल्या म्हणून सांगितलं असेल, तितक्यांना सांगा.

भाभी, हे पत्र तुम्हालाच वाचून दाखवावं लागणार, हे मला माहीत आहे. घरात मराठी दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही. माझं नाव आलं तिथं तुम्ही थांबला असाल. थांबू नका. खालांना आता कमी ऐकू येतं असं कळलं. जिथं जिथं 'मी' लिहिलं आहे तिथं आवाज चढवा, आणि त्यांनी 'काय?' म्हणून विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून वाचा."